कोपरारक्षकाची पारख

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात, एका छताच्या क्रीडागारात दोन तरुण धावले. अंतर होते ४० यार्ड. यार्ड म्हणजे आपला जुना वार. ४० यार्ड म्हणजे सुमारे ३६.६ मीटर. कॅलन बार्न्स या तरुणाने हे अंतर ४.२३ सेकंदांत कापले. याहून कमी वेळाची नोंद करणारे खेळाडू या चाचणीच्या इतिहासात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. अहमद गार्डनर या दुसऱ्या तरुणाला त्याच अंतरासाठी ४.४१ सेकंद लागले. दोघेही महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमध्ये एकाच जागेवर खेळत असत. त्या जागेचे नाव कॉर्नरबॅक.

एप्रिलअखेर व्यावसायिक संघांनी आपापले नवे खेळाडू निवडले. त्या वर्षी एकूण २६२ खेळाडूंची निवड झाली. गार्डनरचा क्रमांक लागला चौथा, आणि बार्न्सचा २४२ वा! धावण्यात जो पुढे होता तो निवडीत इतका मागे का पडला? निवड करणाऱ्यांना घड्याळ वाचता येत नव्हते काय?

घड्याळ त्यांना चांगलेच वाचता येत होते. पण त्या घड्याळाने जे मोजले आणि त्यांना जे हवे होते, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एखाद्या माणसाच्या अंगचा गुण मोजायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न विज्ञानाला नवा नाही. तो किती अवघड आहे ते पाहण्यासाठी कॉर्नरबॅकसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

खेळ कसा असतो?

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा अगदी निराळा खेळ आहे. चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचे असते किंवा फेकायचे असते. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकावे लागते. सरकला तर त्याला आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. असे करत करत चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की सहा गुण मिळतात.

चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो मागे सरून चेंडू दूर फेकतो. मैदानाच्या कडेने धावत जाऊन तो चेंडू झेलणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. या रिसीव्हरला झेल घेऊ न देणे हे कॉर्नरबॅकचे काम. तो मैदानाच्या कडेला, म्हणजे बचावफळीच्या कोपऱ्यावर उभा असतो, म्हणून त्याचे नाव कॉर्नरबॅक. कबड्डीत आपण डावा आणि उजवा कोपरारक्षक म्हणतो, तसाच हाही कोपरारक्षक. पण कबड्डीतल्या कोपरारक्षकाच्या शेजारी साखळीतला साथीदार असतो. याच्या आसपास मात्र पुष्कळदा कोणीच नसते. तो चुकला तर त्याची चूक साऱ्या मैदानाला दिसते आणि फलकावर सहा गुण चढतात.

अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. दरवर्षी ते क्रमाने नवे खेळाडू निवडतात. आधीच्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याला पहिली संधी, अशी ही पद्धत आहे. ती १९३६ साली सुरू झाली. आता निवडीच्या सात फेऱ्या असतात. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय कोणाला या निवडीत उतरता येत नाही. त्यामुळे उमेदवार बहुधा एकवीस ते तेवीस वर्षांचे असतात. पहिल्या फेरीत निवड झाली तर मोठ्या रकमेचा करार होतो. शेवटच्या फेरीत झाली तर संघात टिकण्याचीही शाश्वती नसते. चुकीची पारख संघाला महागात पडते आणि त्या तरुणाला त्याहून अधिक.

दशांश सेकंदाची किंमत

आता ४० यार्डांच्या धावेकडे वळू. इंडियानापोलिसच्या या चाचणी-शिबिरात १९८७ पासून प्रायः दरवर्षी काही शे उमेदवार येतात. त्यांची उंची, वजन, हाताची लांबी मोजतात. उभी उडी, जागच्या जागी मारलेली लांब उडी, वजन उचलणे, वळणे घेत धावणे अशा चाचण्या होतात. सर्वांत जास्त चर्चा होते ती मात्र ४० यार्डांच्या धावेची.

या धावेत दोन खेळाडूंमध्ये ०.१ सेकंदाचा फरक पडला, तर त्याचा अर्थ काय? धावेच्या शेवटी असे खेळाडू सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने पळत असतात. म्हणून

१० मीटर प्रति सेकंद × ०.१ सेकंद = १ मीटर.

म्हणजे वेगवान खेळाडू रेषा ओलांडतो तेव्हा दुसरा त्याच्या मागे मीटरभर असतो. हे अंतर क्षुल्लक नाही. रिसीव्हर एक मीटर पुढे निसटला तर त्याच्याकडे आलेल्या चेंडूला हात लावणे कठीण होते. वेगाला महत्त्व आहे ते यासाठी, आणि ४.७ सेकंद लावणाऱ्या कॉर्नरबॅककडे संघ साशंक नजरेने पाहतात तेही यासाठीच.

पण या मापाच्या मर्यादा पाहा. एक म्हणजे ही धाव सरळ रेषेत असते. दुसरे म्हणजे ती खेळाडूच्या स्वतःच्या मर्जीने सुरू होते. तो हलला की घड्याळ चालू होते. त्यामुळे पिस्तुलाचा आवाज ऐकून निघायला लागणारा वेळ तिच्यात धरलेला नसतो. तिसरे म्हणजे समोर कोणी नसते. प्रत्यक्ष खेळात कॉर्नरबॅक सरळ रेषेत, स्वतःच्या मर्जीने आणि एकटा क्वचितच धावतो. रिसीव्हर कोठे जाणार हे रिसीव्हरला ठाऊक असते, कॉर्नरबॅकला नसते. त्याला आधी उलटे, म्हणजे पाठीकडे धावावे लागते, मग वळावे लागते आणि नंतर पळावे लागते.

उलटे धावणे आणि वळणे

माणूस उलटा धावतो तेव्हा त्याचा वेग पुढे धावण्याच्या वेगाच्या सुमारे सत्तर टक्केच भरतो. रिसीव्हर समोरून पूर्ण वेगात येत असतो. तेव्हा केव्हातरी कॉर्नरबॅकला कंबर फिरवून त्याच्याबरोबर पळू लागणे भाग असते. फार लवकर फिरला तर रिसीव्हर दुसऱ्या बाजूला वळतो. उशिरा फिरला तर तो पुढे निघून जातो.

आणि रिसीव्हर मध्येच थांबून मागे वळला तर? तर कॉर्नरबॅकला स्वतःचा वेग शून्यावर आणून उलट दिशेने निघावे लागते. येथे न्यूटनचा दुसरा नियम लागू होतो. समजा, खेळाडूचे वस्तुमान ८६ किलो आहे, आणि तो पायाने जमिनीला आडव्या दिशेने जो रेटा देतो तो त्याच्या वजनाएवढाच आहे. मग त्याचे त्वरण गुरुत्व त्वरणाएवढे, म्हणजे जवळजवळ १० मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद होईल. गणितात ८६ किलो दोन्हीकडून छेदले जातात, तेव्हा वजन कितीही असो, उत्तर तेच येते. वेगातील प्रत्येक १ मीटर प्रति सेकंद कमी करण्यास ०.१ सेकंद लागतो. ५ मीटर प्रति सेकंदावरून थांबायला अर्धा सेकंद, आणि उलट दिशेला तेवढाच वेग घ्यायला आणखी अर्धा सेकंद!

पण वजनाएवढा आडवा रेटा देणे सोपे नाही. बुटाच्या तळव्याला खिळ्यांसारखे उंचवटे असतात, ते गवतात रुततात म्हणूनच हे जमते. शिवाय आडवे बल आणि वजन सारखे झाले की शरीराचा कल ४५ अंशांचा हवा, नाहीतर खेळाडू तोल जाऊन पडेल. एवढे झुकायचे तर गुडघे वाकले पाहिजेत, गुरुत्वमध्य खाली आला पाहिजे आणि कंबर मोकळी पाहिजे. उंच खेळाडूला हे अधिक अवघड जाते. म्हणून अनुभवी परीक्षक कॉर्नरबॅककडे पाहताना त्याच्या पायांपेक्षा कंबरेकडे अधिक लक्ष देतात. वळताना तो ताठ उभा राहतो का? एक पाऊल उगाच जास्त टाकतो का? असे एक जादा पाऊल म्हणजे दशांश-दोन दशांश सेकंद. ४० यार्डांत मिळवलेली सारी कमाई त्या एका पावलात जाते.

शिबिरात यासाठी एक चाचणी आहे. एका बाजूला ५ यार्ड, उलट दिशेला १० यार्ड आणि परत ५ यार्ड, अशी २० यार्डांची ये-जा धाव. ती कंबरेबद्दल थोडे सांगते. पण याही चाचणीत कोठे वळायचे ते खेळाडूला आधीपासून ठाऊक असते.

डोळे आणि डोके

समोर काही घडल्यापासून स्नायू हलू लागेपर्यंत जो वेळ जातो त्याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. डोळ्यांनी पाहून हालचाल करायची तर तो सुमारे ०.२ सेकंद असतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने पळणारा रिसीव्हर तेवढ्या काळात

८ × ०.२ = १.६ मीटर

जातो. म्हणजे दोघांचा वेग, चपळाई सारे काही सारखे असले, तरी निव्वळ वाट पाहून हलणारा कॉर्नरबॅक प्रत्येक वळणावर दीड मीटर मागे पडणार. बार्न्स आणि गार्डनर यांच्या धावेत ०.१८ सेकंदाचा फरक होता. येथे तर त्याहूनही जास्त वेळ केवळ पाहण्यात जातो.

मग चांगला कॉर्नरबॅक हे अंतर कसे भरून काढतो? सराव करून प्रतिक्रियाकाल थोडासाच कमी होतो. पण पर्याय कमी करता येतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली दाखवून दिले की समोर जितके पर्याय अधिक, तितका प्रतिक्रियाकाल अधिक. पर्यायांची संख्या दुप्पट झाली की वेळ दर खेपेस जवळजवळ सारखाच वाढतो. म्हणजे रिसीव्हर आठ वाटांपैकी कोणतीही घेईल असे वाटत असेल तर उशीर होतो. रिसीव्हर किती अंतरावर उभा आहे, संघाला किती यार्ड हवे आहेत, क्वार्टरबॅक किती पावले मागे सरला, यांवरून आठातल्या सहा वाटा आधीच बाद करता आल्या तर उशीर घटतो. याला खेळ वाचणे म्हणता येईल.

याचे प्रसिद्ध उदाहरण १ फेब्रुवारी २०१५ च्या अंतिम सामन्यातले. सिएटल आणि न्यू इंग्लंड या संघांचा सामना होता. न्यू इंग्लंड चार गुणांनी पुढे होता. सिएटलकडे चेंडू होता आणि विजय अवघ्या एका यार्डावर होता. सामना संपायला अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ होता. न्यू इंग्लंडच्या बाजूने माल्कम बटलर हा नवखा कॉर्नरबॅक मैदानात होता. तो एका लहान विद्यापीठातून आलेला होता. शिक्षण मध्येच थांबले तेव्हा त्याने खाद्यपदार्थांच्या दुकानात नोकरीही केली होती. इंडियानापोलिसच्या शिबिराचे निमंत्रण त्याला आले नव्हते. निवडीच्या सातही फेऱ्यांत त्याचे नाव कोणी घेतले नव्हते.

सिएटलचे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले. बटलरने ती मांडणी ओळखली. सरावात याच डावाने त्याला चकवले होते. चेंडू हातातून सुटता सुटता तो निघाला, रिसीव्हरच्या आधी त्या जागी पोहोचला आणि त्याने चेंडू झेलला. सामना तेथेच न्यू इंग्लंडकडे गेला. हा गुण ४० यार्डांच्या धावेत कोठे दिसला असता?

आकडे कसे फसवतात?

तुम्ही म्हणाल, मग धाव बाजूला ठेवू आणि प्रत्यक्ष सामन्यांतले आकडे पाहू. कॉर्नरबॅकने रिसीव्हरसाठी आलेले किती चेंडू मध्येच झेलले ते मोजू. पण येथेही फसगत आहे.

ओकलंड संघाच्या नामदी असोमवा या कॉर्नरबॅकने २००६ च्या हंगामात ८ चेंडू असे मध्येच झेलले. २००८ मध्ये किती? फक्त एक! तो बिघडला होता का? मुळीच नाही. त्याच २००८ च्या हंगामात त्याची निवड लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात झाली. झाले असे, की प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकनी त्याच्या बाजूला चेंडू फेकणेच कमी केले. रखवालदार चांगला असला की चोर त्या घराकडे फिरकत नाहीत. मग पकडलेल्या चोरांची संख्या मोजून त्या रखवालदाराची किंमत कशी ठरवायची?

दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. महाविद्यालयीन हंगामात साधारण बारा-तेरा सामने असतात. समजा, एका कॉर्नरबॅकच्या बाजूला हंगामात ६० फेकी झाल्या आणि त्यांपैकी २४ यशस्वी झाल्या. दुसऱ्याच्या बाजूच्या ६० पैकी ३० यशस्वी झाल्या. पहिला ४० टक्के, दुसरा ५० टक्के. पहिला नक्की सरस का? एक नाणे ६० वेळा उडवून पाहा. ३० वेळा छाप पडेल अशी आपली अपेक्षा असते. पण २४ किंवा ३६ वेळा छाप पडली तरी त्यात नवल नाही, नाणे तेच असते. त्या दोन खेळाडूंमधला फरकही निव्वळ योगायोगाचा असू शकतो.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. तुमच्या शाळेतल्या सर्व मुलांचा विचार केला, तर जो वेगाने धावतो तो खो-खो चांगला खेळतो असे दिसेल. पण राज्याच्या खो-खो संघातले खेळाडू घेतले तर? तेथे सगळेच वेगवान असतात, कारण वेग नसता तर ते तेथवर आलेच नसते. त्यांच्यात उत्तम कोण हे मग वेगावर ठरत नाही, ते हुलकावणी, नजर आणि दम यांवर ठरते. धान्य एकदा चाळणीतून चाळले की उरलेल्या दाण्यांतला फरक त्याच चाळणीने कळत नाही. इंडियानापोलिसला बोलावलेले कॉर्नरबॅक आधीच वेगाच्या चाळणीतून आलेले असतात. म्हणून ४.४ आणि ४.५ यांतला फरक त्यांच्या पुढच्या यशाबद्दल आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच कमी सांगतो. सिएटलचा रिचर्ड शर्मन ४.५६ सेकंदांत धावला होता आणि २०११ च्या निवडीत त्याचा क्रमांक १५४ वा होता. महाविद्यालयात तो आधी रिसीव्हर होता, म्हणजे रिसीव्हर कसा विचार करतो हे त्याला आतून ठाऊक होते. शिवाय तो उंच होता आणि त्याचे हात लांब होते. २०१३ च्या हंगामात साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे ८ चेंडू त्याने मध्येच झेलले.

मैदान बदलले की

महाविद्यालयातला खेळ आणि व्यावसायिक खेळ दिसायला एकच वाटतात. पण नियमांत असे फरक आहेत की एकीकडचा गुण दुसरीकडे दोष ठरू शकतो.

महाविद्यालयीन खेळात चेंडू सुटेपर्यंत रिसीव्हरला हाताने अडवण्याची बरीच मोकळीक असते. व्यावसायिक खेळात १९७८ पासून ही मोकळीक पहिल्या ५ यार्डांपुरतीच आहे. चेंडू हवेत असताना रिसीव्हरला धरले, तर महाविद्यालयात जास्तीत जास्त १५ यार्डांचा दंड होतो. व्यावसायिक खेळात मात्र जेथे धरले तेथे चेंडू नेऊन ठेवतात, मग ते अंतर ४० यार्ड का असेना! महाविद्यालयात हाताच्या जोरावर निभावून नेणाऱ्याला ही सवय पुढे मोडावीच लागते.

आता भूमितीचा एक फरक पाहू. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, सुमारे ४८.८ मीटर. प्रत्येक प्रयत्नाआधी चेंडू मधल्या पट्ट्यात ठेवतात. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खुणांची एकेक ओळ असते. महाविद्यालयात ही ओळ कडेपासून १८.३ मीटरवर आहे, व्यावसायिक मैदानात २१.६ मीटरवर. चेंडू ओळीवर असला तर दूरची कडा महाविद्यालयात ३०.५ मीटरवर पडते आणि व्यावसायिक मैदानात २७.२ मीटरवर.

समजा, क्वार्टरबॅक चेंडूच्या ६ मीटर मागे आहे. रिसीव्हर ९ मीटर पुढे आणि दूरच्या कडेच्या २ मीटर आत आहे. मग फेकीची आडवी बाजू महाविद्यालयात २८.५ मीटर, व्यावसायिक खेळात २५.२ मीटर, आणि उभी बाजू दोन्हीकडे १५ मीटर. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढा. एक येतो सुमारे ३२.२ मीटर, दुसरा २९.३ मीटर. फरक २.९ मीटरचा. चेंडूचा वेग सेकंदाला २४ मीटर धरला आणि हवेचा विरोध व फेकीची कमान सोडून दिली, तर व्यावसायिक खेळात चेंडू ०.१२ सेकंद लवकर पोहोचतो. तेवढ्यात कॉर्नरबॅक जवळजवळ एक मीटर पळाला असता. म्हणजे महाविद्यालयात ज्याचा हात चेंडूला जेमतेम लागत होता, त्याचा हात आता लागेलच असे नाही. खेळाडू तोच, वेग तोच, पण निकाल वेगळा.

एक फरक मात्र कॉर्नरबॅकच्या सोयीचा आहे. महाविद्यालयात झेल घेताना रिसीव्हरचा एक पाय मैदानाच्या आत टेकला तरी चालतो. व्यावसायिक खेळात दोन्ही टेकावे लागतात. म्हणून हुशार कॉर्नरबॅक रिसीव्हरला कडेकडे रेटत नेतो आणि कडेच्या रेषेलाच आपला जोडीदार बनवतो.

मग पारख करायची कशी?

जाणकार परीक्षक एका आकड्यावर विसंबत नाहीत. ते पायरीपायरीने जातात.

पहिल्या पायरीवर शरीराची मापे आणि धावेचा वेळ. यांचा उपयोग चाळणीसारखा. याहून हळू असेल तर निभावणार नाही, एवढेच ती सांगते. याहून वेगवान असेल तर यशस्वी होईल, असे ती सांगत नाही.

दुसऱ्या पायरीवर सामन्यांचे चित्रण. त्यातही केवळ चेंडू आला तेव्हाचे नव्हे, तर चेंडू आला नाही तेव्हाचेही. त्या क्षणी तो रिसीव्हरच्या किती जवळ होता? वळताना ताठ झाला का? नजर कोठे होती? समोरचा रिसीव्हर स्वतः किती चांगला होता? प्रशिक्षकाने त्याला माणूस धरून राखण करायला सांगितले होते की जागा धरून? नेहमी जागाच राखणाऱ्याचे चित्रण त्याच्या एकास-एक झुंजीबद्दल फारसे सांगत नाही. गार्डनर येथेच उजवा ठरला. त्याची उंची १९० सेंटिमीटर, हाताची लांबी ८५ सेंटिमीटर, आणि साऱ्या महाविद्यालयीन कारकिर्दीत त्याच्या राखणीतून सहा गुणांची एकही फेक निसटली नव्हती. पहिल्याच हंगामात तो लीगमधला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला.

तिसरी पायरी डोक्याची. खेळाडूला फळ्यावर डाव काढून दाखवायला सांगतात. एखाद्या चुकीचे चित्रण लावून त्याला विचारतात, येथे काय झाले? उत्तर देताना तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, की पुढच्या वेळी काय पाहायचे ते सांगतो? १२ मिनिटांत ५० प्रश्नांची एक लेखी बुद्धिचाचणीही शिबिरात पुष्कळ वर्षे घेत असत. ती २०२२ पासून बंद झाली. कागदावरचे कोडे सोडवणे आणि पळता पळता डाव ओळखणे यांचा संबंध वाटला तितका जवळचा नाही.

एवढे करून तरी अंदाज बरोबर येतो का? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी या निवडीचा बारकाईने अभ्यास केला. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच जागेवर खेळणारे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता शंभरात पन्नासाहून थोडीच अधिक असते, असे त्यांना आढळले. म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडे बरे, इतकेच. तरीही संघ वरच्या क्रमांकासाठी भारी किंमत मोजतात, कारण आपला अंदाज आहे त्याहून पक्का आहे असे त्यांना वाटत असते.

याचा अर्थ मोजमाप व्यर्थ आहे असा नाही. पहिल्या फेरीतले खेळाडू सातव्या फेरीतल्यांपेक्षा एकंदरीत चांगलेच ठरतात. परंतु उत्तर देताना हा तरुण यशस्वी होणारच किंवा होणार नाहीच असे न म्हणता, अशा दहा जणांपैकी साधारण किती यशस्वी होतील असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते. माल्कम बटलरला कोणी निवडले नाही, तेव्हा त्याला गुण नव्हता असे नाही. वापरलेल्या मापांत तो गुण बसत नव्हता. सुदैवाने एका संघाने त्याला सरावासाठी बोलावून पाहिले. मापाच्या पट्टीखेरीज असा एखादा दरवाजा उघडा ठेवणे, हाही चांगल्या परीक्षा-पद्धतीचाच भाग आहे.

करून पहा

(१) मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. तुमची बोटे शून्याच्या खुणेशी, पट्टीला न लागता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडा. किती सेंटिमीटर खाली आली? १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, आणि २५ म्हणजे ०.२३ सेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा.

(२) आता दोन मित्र दोन पट्ट्या धरतील. एक तुमच्या डाव्या हाताशी, एक उजव्या. कोणती सुटणार हे तुम्हाला ठाऊक नाही. जी सुटेल ती त्याच बाजूच्या हाताने पकडा, दुसरा हात मिटायचा नाही. सरासरी वाढली का? हिक यांचा नियम आठवा.

(३) मैदानावर वर्गातल्या दहा जणांची ३० मीटर सरळ धाव मोजा आणि नंतर ५-१०-५ मीटरची ये-जा धाव मोजा. दोन्ही याद्या क्रमाने लिहा. दोन्हींत पहिला येणारा एकच आहे का? दुसऱ्या दिवशी ही मोजणी पुन्हा करा. तोच विद्यार्थी दोन दिवसांत किती कमी-जास्त वेळ घेतो ते पाहा, आणि मगच दोन विद्यार्थ्यांमधल्या फरकाला किती महत्त्व द्यायचे ते ठरवा.